चौदा नंबरची बाई

मला राग आलेला आहे आणि तो जुना आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई छान पेज-सुकटीच्या आठवणी सांगत होती, मधेच हिला काय चावलं. माझी सून म्हणते, आई, एवढ्या वर्षांनी कशाला, ते सर तरी आता कुठे असणार. नसतील तर नसोत. माणूस गेलं म्हणून त्याच्यावरचा रागही त्याच्याबरोबर सरणावर ठेवायचा असा काही नियम नाही. आणि मी शिव्या द्यायला बसलेली नाही. द्यायच्या तेवढ्या मनातल्या मनात देऊन झाल्या आहेत, अस्सल मालवणीतून, कागदावर शोभणार नाहीत अशा. मला फक्त तो राग नेमका कशाचा होता ते नीट मांडायचं आहे, कारण पुष्कळ वर्षं मी भलत्याच गोष्टीवर रागावत होते.

आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहायचो. खाली रस्त्याला लागून पक्क्या चाळी, त्यांच्या वर पत्र्याची घरं, आणि त्याच्याही वर आम्ही. एक खोली, तिच्यातच मोरी, मोरीला अर्धी भिंत. बाबा आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर लागले. जन्मभर यंत्राच्या खडखडाटात काम केल्यामुळे ते घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे. जेवताना 'मीठ दे' म्हणायचे ते असं, की एकदा शेजारच्या पेडणेकरकाकू खरंच वाटीत मीठ घेऊन दारात आल्या होत्या. आई त्याच्या उलट. ती कमी बोलायची, आणि बोलली की मालवणीत, आणि बहुतेक वेळा समोरच्याला त्याच्यावर बोलायला काही उरायचं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर सुकटीची चटणी नाहीतर खारातली कैरी. रविवारी बाबांची पाळी नसली तर बांगडे, आणि मग दुपारपर्यंत पत्र्यावर कावळ्यांची पंचायत. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, खालच्या घरातला रेडिओ, आणि या सगळ्यांच्या आधी, उजाडायच्या सुमाराला, हंड्यांचा आवाज.

पाणी खाली, चाळींच्या मागच्या नळाला यायचं. फक्त सकाळचं, आणि तेही दीड तास. पण नंबर त्याच्या कितीतरी आधीपासून लागायचे, आणि माणसांचे नव्हे, वस्तूंचे. कुणाची फुटकी बादली, कुणाचा रॉकेलचा डबा, कुणाची एकच चप्पल. एका म्हातारीची वीट असायची, विटेवर खडूने फुली. ती वीट म्हणजे ती म्हातारी, असं सगळ्यांनी मानलेलं होतं. विटेला कुणी पायाने सरकवलं तर म्हातारीला ढकलल्यासारखं भांडण व्हायचं. हा नंबर राखायचं काम माझं. पाणी सुटेपर्यंत तिथे बसून राहायचं, आणि नुसतं बसून काय करणार, म्हणून मी चित्रं काढायला लागले. बाबांनी गेटवरून एक जुनी वही आणली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नावांची. एका बाजूला नाव, गाडी नंबर, कुणाला भेटायचं आहे. दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर नळावरच्या सगळ्या बायका आल्या. भांडणाऱ्या, जांभया देणाऱ्या, हंड्यावर बसून वेणी घालणाऱ्या.

सगळ्यात जास्त वेळा आई आली. ती रांगेत एका विशिष्ट तऱ्हेनेच उभी राहायची. एका पायावर. डावं पाऊल उजव्या पावलावर ठेवलेलं, एक हात मागे कमरेवर, आणि पदराचं टोक दातात. तुम्ही म्हणाल त्यात काय, बाया उभ्या राहतातच अशा. राहत नाहीत. मी तेव्हापासून आजपर्यंत बघते आहे, अगदी अशी दुसरी बाई मला दिसलेली नाही. ती मला जमायचीही नाही. चेहरा जमायचा, पदर जमायचा, पण आई कागदावर कायम कलायची, आता पडते की मग पडते अशी. मी खोडायची आणि काढायची. त्या वहीची पानं काही ठिकाणी खोडून खोडून पारदर्शक झाली होती.

शाळेतल्या बाईंनी ती वही पाहिली आणि मला स्टेशनजवळच्या नेर्लेकर सरांच्या क्लासला पाठवलं. एका फरसाणवाल्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर क्लास. वस्तुचित्राला समोर पितळी तांब्या नि वांगी मांडलेली असायची आणि खालून गाठिये तळल्याचा वास यायचा, त्यामुळे माझी वांगी नेहमी भजी करावीत अशी दिसायची. सर उंच, बारीक, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्या शर्टावर रंगाचा एक ठिपका कधी नाही. त्या वेळी मला ते फार मोठेपणाचं वाटलं होतं. सरांनी मला फी माफ केली. हेही सांगितलंच पाहिजे, कारण पुढे त्यांनी ते काढलं. बदल्यात मी रंगाच्या वाट्या धुवायच्या आणि बोर्डांना कागद लावून ठेवायचे. मला त्यात कमीपणा वाटला नाही, उलट क्लास उघडायच्या आधी तिथे एकटीने असणं मला आवडायचं.

चित्रकलेची सरकारी परीक्षा दोन पायऱ्यांची, आणि दुसरी पायरी चांगल्या ग्रेडने पार केली तर पुढे चित्रकलेच्या कॉलेजची वाट सोपी व्हायची. बाबांनी अट घातली. एकदाच बसायचं. ए नाहीतर बी ग्रेड आली तर कॉलेज, त्यासाठी ते रविवारचीही पाळी करतील. नाही आली तर टायपिंग, आणि मग चित्राचं नाव घरात काढायचं नाही. हे ते अर्थातच ओरडून बोलले, त्यामुळे आमच्या अख्ख्या ओळीला माझी अट माहीत झाली आणि येता-जाता बायका मला विचारायच्या, काय गं विजू, ए की टायपिंग?

त्या परीक्षेत एक पेपर स्मरणचित्राचा. म्हणजे विषय देणार, समजा बाजार, नाहीतर बसस्टॉप, आणि आपण पाहिलेलं आठवून चित्र काढायचं. आता हे सरांच्या क्लासात कसं शिकवायचे ते ऐका. सरांकडे एक खाकी फाइल होती. तिच्यात छापलेले कागद, आणि कागदावर माणसं, प्रत्येकाला नंबर. एक नंबर डोक्यावर हंडा घेतलेली बाई. दोन नंबर वाकलेली बाई. तीन नंबर टोपलीवाली. पाच नंबर छत्री घेतलेला म्हातारा. सात नंबर पोराचा हात धरलेली. असे तेरा. हे तेरा जण पाढ्यासारखे पाठ करायचे, रोज दहादा काढायचे. मग विषय कुठलाही येऊ दे. बाजार म्हटलं की तीन, सात, दोन, मागे पाच. बसस्टॉप म्हटलं की सात, पाच, आणि एक नंबरच्या डोक्यावरचा हंडा काढून तिला पर्स द्यायची. मागे एक झोपडी आणि नारळाचं झाड, तेही ठरलेलं. घाटकोपर स्टेशनसमोर कुठे नारळ होता हो? पण असायचा. एका मुलाने क्रिकेटच्या सामन्यात हंड्यासकट एक नंबरची बाई उभी केली होती, आणि सर एवढंच म्हणाले की तिला जरा मागे घे.

आज हसू येतं. नातवाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजी, मग आठवायचं काय? मी म्हटलं, बाळा, नंबर.

मला ते तेरा जण चांगले येत होते, पण मन लागत नव्हतं. एकदा सर वाट्या तपासायला लवकर आले आणि मी कागद लावता लावता वहीत काढत बसलेली सापडले. त्यांनी वही घेतली, उभ्या उभ्या सगळी चाळली.  आईच्या पानाशी थांबले. मी विचारलं, सर, ही कायम पडल्यासारखी का दिसते? ते म्हणाले, मागे झाड घाल, कळणार नाही. मग म्हणाले, वही ठेवून जा, बघतो सावकाश.

आठवड्याने वही परत मिळाली. घरी येऊन पाहिलं तर आईच्या पानावर रेघा दाबलेल्या. मी काढलेल्या रेघांवरूनच कुणीतरी रिकाम्या रिफिलचं टोक जोरात फिरवलं होतं, पान पालथं केलं तर बोटाला आई लागत होती. दुसऱ्या कुठल्या पानावर तसं नव्हतं. आणि मी मूर्ख, मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सरांनी माझं चित्र एवढं मन लावून पाहिलं. रेघेवरून हात फिरवून पाहिला. मी ते पान आईला दाखवलं, म्हटलं, बघ, सरांना तू आवडलीस. आई म्हणाली, 'मेले, काय बोलतंस', आणि पदर सारखा केला.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले तेव्हा सरांनी सगळ्यांना नवीन कागद वाटले. त्यांचे तीन ठिकाणी क्लास होते, घाटकोपर, भांडुप आणि मुलुंड, तिन्हीकडे वाटले. माझ्यापाशी आले तेव्हा गठ्ठा पाठीमागे धरला आणि म्हणाले, तुला कशाला? तू आपल्या मनाने काढ, तुला येतं. एवढ्या मुलांमध्ये असं म्हणाले. मी त्या दिवशी डोंगर पळत चढले. दुसऱ्या मुलींचे कागद बघायचं मनातसुद्धा आलं नाही, उलट त्यांची कीवच आली, बिचाऱ्यांना अजून नंबर पाठ करावे लागतात म्हणून. फुशारकी माणसाला आंधळं करते ती अशी. या आंधळेपणाचा राग मात्र माझा माझ्यावर, तो सरांच्या खात्यात मी टाकत नाही.

परीक्षेचं केंद्र मुलुंडच्या एका शाळेत होतं. मोठा हॉल, लांबच लांब बाक, मागच्या भिंतीशी पाण्याच्या बादल्या. फळ्यावर तीन विषय लिहिले, आणि त्यातला दुसरा, सार्वजनिक नळावरील दृश्य. मला हसूच फुटलं. देवानेच पेपर काढला असं वाटलं. मी आधी आई काढली, पुढे, मोठी, आणि तिच्या मागे बाकीच्या. अर्ध्या तासात पेन्सिलीचं काम होत आलं तेव्हा वाटीत पाणी आणायला उठले.

हॉलच्या टोकापर्यंत चालत गेले, बादलीतून वाटी भरली आणि वळले. वळल्यावर सगळ्यांचे कागद सरळ दिसतात. पहिल्या बाकावर आई होती. एका पायावर उभी, हात कमरेवर, पदराचं टोक दातात. दुसऱ्या बाकावर आई. तिसऱ्यावर सायकलचं चित्र, तो मुलगा दुसऱ्या कुठल्या क्लासचा असावा. चौथ्यावर आई, तिच्यामागे नारळाचं झाड. कुणी तिला निळं लुगडं नेसवलं होतं, कुणी गुलाबी गाल दिले होते. एकाने तर तिला दोनदा काढली होती, एकीसमोर एक, दोघी एकमेकींकडे तोंड करून पदर चावत उभ्या. आणि सगळ्याच्या सगळ्या कललेल्या. माझी चूक तशीच्या तशी, हॉलभर, पडायला आलेल्या माझ्या आया. माझ्या हातातल्या वाटीतलं पाणी माझ्याच फ्रॉकवर सांडलं. एका मुलीला मी हळूच विचारलं, ही कोण? ती मान वर न करता म्हणाली, 'फोर्टीन नंबर. नवीन आहे. तुला नाय दिला?'

मी जागेवर आले. माझ्या कागदावरही तीच होती. आता तुम्हीच सांगा, काय करायचं? तपासणारा माणूस चाळीस कागद उलटणार आणि चाळिसातली ही एक. ती माझी आई आहे हे कागदावर कुठे लिहिलेलं असतं? माझ्या कानात आवाज भरला होता, बाबांच्या गिरणीत भरायचा म्हणतात तसा. मी रबर घेतलं आणि आईला खोडून टाकलं. नुसती तिलाच नाही, सगळ्या बायका. पर्यवेक्षक बाई माझ्यापाशी थांबल्या आणि कळवळून म्हणाल्या, अगं, चांगली होती की, खोडलीस का? सगळ्यांनीच छान काढली आहे ती बाई, कुणाच्या क्लासची गं तुम्ही?

मग मी काढलं ते असं. नळ, आणि नळासमोर रांग. बादली, डबा, चप्पल, हंडा, फुलीची वीट. पाणी आलेलं नाही आणि माणूस एकही नाही. दीड तास मी त्या वस्तू रंगवल्या, दात आवळून, इतक्या की दुसऱ्या दिवशी जबडा दुखत होता. चांगलं झालं होतं ते चित्र, हे मी आजही सांगते. पण पेपरावर स्पष्ट छापलेलं होतं, किमान तीन मानवाकृती हव्यात. मी ते वाचलं होतं. हल्ली मी ही गोष्ट सांगितली की शिकलेली माणसं म्हणतात, वा काकू, काय विद्रोह, काय कल्पना. कसला विद्रोह? मी सोळा वर्षांची होते, मला कॉलेजला जायचं होतं. डोकं ठिकाणावर ठेवून खाली वाकलेल्या तीन बायका काढल्या असत्या तर बी ग्रेड कुठे गेली नव्हती. राग खरा होता, पण त्याने माझंच घर जाळलं.

निकाल दोन महिन्यांनी क्लासवर आला. सगळे पास, मी एकटी नापास. सरांना केंद्रावरून कळलं असावं, मला सगळ्यांसमोर म्हणाले, मानवाकृती नाही? फुकट शिकवलं त्याचं हे फळ. मी वाट्या धुतल्या आणि घरी आले. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले. म्हणाले, सोमवारपासून टायपिंगला नाव घालू, बाय. आमच्या ओळीत कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि त्याचंच मला जास्त रडू आलं.

बाबा पाळीला गेल्यावर आईने भाताचं आधण उतरवलं आणि माझ्यासमोर बसली. विचारलं, काढलंस तरी काय? मग मी सगळं सांगितलं. वही, दाबलेल्या रेघा, हॉलभर उभी असलेली ती. आई ऐकत होती. वाटलं, आता चिडेल. ती म्हणाली, 'चाळीस मी, नळावर उभी. आणि घरात पाणी दोनच हंडे?' आणि हसली. पण ते हसणं अर्ध्यावर थांबलं. मग तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, की त्यांनी मुद्दाम तुला कागद दिला नाही? मुद्दाम? मी हो म्हटलं. ती उठून भात वाढायला लागली.

रविवारी तिने ठेवणीतलं पातळ नेसलं आणि मला म्हणाली, चल, तुझ्या मास्तराकडे. मी नको नको म्हणत मागे गेले. क्लास भरलेला, वीसेक मुलं. सर फळ्याशी. आईने चपला दाराबाहेर काढल्या, आत आली आणि म्हणाली, 'मी विजूची आई. तुमची चौदा नंबर.'

मुलांनी माना वर केल्या. आणि आई सवयीने उभी राहिली होती, डावं पाऊल उजव्यावर, हात कमरेवर. पुढच्या बाकावरची एक मुलगी आपल्या कागदाकडे बघे आणि आईकडे बघे. सर आधी गोंधळले, मग सावरले. समजावणीच्या सुरात बोलायला लागले. बाई, नळावरची बाई काय कुणाच्या मालकीची असते का, चित्रात आली की ती सगळ्यांची. तुमची मुलगी हुशार आहे, पण तिला दिसलं ते माझ्या शिकवण्यामुळे दिसलं. मुलांचं भलं व्हावं म्हणून आपण कागद काढतो. आईने सगळं ऐकून घेतलं.

'मग काढा,' ती म्हणाली. 'मी हय उभी रवतंय. माझ्या चेडवाच्या वहीतून कशाला? माझ्यावरून काढा.'

मला मनातून खात्री होती की त्यांना येणार नाही. देवाशप्पथ सांगते, मी त्याचीच वाट पाहत होते. वीस मुलांसमोर सरांचा हात अडकेल, ते काहीतरी गिरबटतील, आणि आमचा सूड पुरा होईल.  मग त्यांनी एक कागद बोर्डला लावला, स्वतः, मला न सांगता. खणातून दोरा काढला, त्याच्या टोकाला खोडरबर बांधलं, आणि गवंडी ओळंबा धरतो तसा तो दोरा डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून आईकडे बघितलं. खूप वेळ. दोन वर्षं मी त्यांच्या क्लासात होते, त्यांना कशाकडेही असं बघताना मी पाहिलं नव्हतं. आईने पदराचं टोक दातात धरलं, लाजून असेल.

मग त्यांनी रेखाटायचा कोळसा उचलून काढायला घेतलं, आणि काढता काढता पुटपुटायला लागले, आमच्याशी नाही, स्वतःशीच. 'भार उजव्या पायावर. म्हणून उजवी कंबर वर. कंबर वर गेली की त्या बाजूचा खांदा खाली. गळ्याच्या खळगीतून दोरा सोडला की तो उभ्या पायाच्या घोट्याशी पडतो. नाही पडला तर माणूस पडतो.'

सात-आठ मिनिटं लागली असतील. कागदावर आई उभी होती. एका पायावर, आणि पडत नव्हती. जन्मात पडली नसती. तिच्या पोटऱ्यांत डोंगर चढल्याचा ताण होता, कमरेवरच्या हातात कंटाळा होता. मी दोन वर्षं खोडून खोडून पान फाडलं ते या माणसाने एका दोऱ्यात उभं केलं. सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला कोळशाचा काळा डाग पडला होता आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते घामाघूम झाले होते आणि त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता, तरुण.

 मग पुढच्या बाकावरच्या त्या मुलीने अदबीने विचारलं, सर, याला पंधरा नंबर लिहायचा का?

सरांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. आईने चित्राकडे बघितलं, जवळ जाऊन, आपल्याच पायाकडे वाकून बघावं तसं.

'तुम्हाला येतं की,' ती म्हणाली. 'मग पोरांना का नाही शिकवत?'

सरांनी कोळसा खाली ठेवला आणि हात पुसले. 'हे परीक्षेला येत नाही, बाई,' ते म्हणाले. उर्मटपणे नाही, चिडून नाही. पाणी सहाला येतं म्हणावं तसं म्हणाले. मग चित्र बोर्डवरून काढून आईपुढे धरलं. आईने ते घेतलं नाही.

टायपिंगला मी सोमवारी गेले. पुढे नोकरी केली, लग्न झालं, बोरिवलीला आले, आणि भरतकाम करणाऱ्या बायकांना नक्षी काढून देता देता जे शिकले ते माझं मी शिकले. चोरीचा राग मी कधीच सोडून दिला. माझी आई चाळीस कागदांवर गेली, जाऊ दे, तिला त्यात काय तोटा झाला. ज्याच्याकडे काही नाही तो चोरतो, हे मी समजू शकते. पण त्या माणसाकडे होतं. त्याच्या खणात दोरा होता. मी सरळ विचारलं होतं, सर, ही पडल्यासारखी का दिसते, आणि उत्तर माहीत असताना तो मला म्हणाला, झाड घाल. शेकडो मुलांना त्याने झाडं घालायला शिकवलं. हा राग मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही.

त्या दिवशी क्लासचा जिना उतरताना आई पुढे होती. अरुंद लाकडी जिना, खालून गाठियांचा वास. ती प्रत्येक पायरीला थांबून पाय टेकत होती आणि मी मागून बघत होते. भार डाव्या पायावर, कंबर डावी वर, खांदा डावा खाली. पुढची पायरी. भार उजव्यावर. मनातल्या मनात मी तिच्या मानेपासून टाचेपर्यंत दोरा सोडत होते, दर पायरीला नवा. मी रागाने धुमसत होते, आणि दोरा प्रत्येक वेळी बरोबर घोट्याशी पडत होता.